घरच्या मिल-ड्रिलला पहिलं टूलिंग (कटर, पकडी वगैरे) काय घेऊ? बजेट ३० हजार, राहणार पावस

पडवीतलं वर्कशॉप
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात कोल्हापूरकडच्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून जुनं मिल-ड्रिल (मिलिंग आणि ड्रिलिंग दोन्ही करणारं) मशीन घेतलं, गोल कॉलमचं, टेबल साधारण दोन फुटी. टेम्पोत घालून आंबा घाटातून उतरवलं, प्रत्येक वळणाला मागे बघत होतो की दोऱ्या ढिल्या तर नाही झाल्या. आता मागच्या पडवीत लेव्हल करून उभं आहे, सिंगल फेजवर मोटर फिरते, बेअरिंगचा आवाज स्वच्छ आहे. पण बरोबर काहीच आलं नाही, एक गंजलेला ड्रिल चक आणि डबाभर बोथट कटर, बस.

लेथ बारा वर्षं चालवतोय पण मिलिंग फक्त आयटीआयमध्ये केलेलं. मावसभावाची बोट मिरकरवाड्याला आहे, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा बोटींची कामं निघतात, शाफ्टचे कीवे (की म्हणजे पाचर बसायची खाच), ब्रॅकेट, गनमेटलचे बुश वगैरे. आंब्याच्या सीझनला फवारणीच्या एचटीपी पंपांचे पार्ट. ऑनलाइन बघायला बसलो तर २० कटरचा कार्बाइड सेट, १८ कोलेटचा (कटर पकडणाऱ्या बाह्यांचा) सेट, रोटरी टेबल, डीआरओ (टेबलाची जागा आकड्यात दाखवणारा), सगळंच लागेल असं वाटतं आणि सगळ्याला पैसे नाहीत. स्पिंडलचा टेपर (कटरची पकड बसते ते निमुळतं भोक) कुठला तेही नक्की माहीत नाही, विकणारा म्हणाला आर एट असेल. पावसाळ्याच्या आधी काय काय घेऊ?

मिरजोळे टर्नर
दादा, आधी टेपर बघा मग पाकीट काढा. "असेल" वर एक रुपया घालू नका. तोंडाचा व्यास व्हर्नियरने घ्या. २४ मिमीच्या आसपास आला तर मोर्स टेपर ३, म्हणजे एमटी ३. ३२ च्या आसपास आला तर आर एट पण असू शकतो आणि आयएसओ ३० पण, दोघांचं तोंड ३१.७५ आणि तोंडाशी उतारही जवळपास सारखाच, त्यामुळे नुसतं तोंड मोजून फसायला होतं. बॅटरी मारून आत बघा. तोंडाशी थोडाच टेपर आणि पुढे सरळ भोक, बाजूला बारीक पिन, तो आर एट. आयएसओ ३० असेल तर टेपर आत लांबपर्यंत जातो आणि स्पिंडलच्या तोंडावर दोन ड्राइव्ह की असतात. ड्रॉबारचा (पकड वरून ओढून धरणाऱ्या लांब बोल्टचा) आटा पण तपासा, एम १२ चा बोल्ट नेऊन हाताने लावून बघितला तरी कळतं.

पडवीतलं वर्कशॉप
मोजला. २३.८ येतोय, आत लांबपर्यंत हळूहळू निमुळता होत जातो, पिन नाही. म्हणजे एमटी ३ च. जुन्या ड्रिल चकच्या आर्बरला मागून एम १२ चा बोल्ट बरोबर बसला. थँक्यू, आर एटचा कोलेट चक कार्टमध्ये टाकून ठेवला होता तो काढला.

कुडाळचा फिटर
मी मोठं लिहितोय, वेळ काढून वाचा, कारण ह्याच चुकांमध्ये मी माझे पैसे घालवलेत.

तुमच्या ३० हजारातला सगळ्यात मोठा वाटा व्हाइसला, म्हणजे जॉब पकडणाऱ्या शिकंज्याला द्या. कटर मागून एकेक घेता येतो, पण जॉब हलला तर जगातला कुठलाही कटर कीवे सरळ काढणार नाही. १०० मिमी जबड्याची मिलिंग व्हाइस घ्या, ड्रिल मशीनची हलकी नको. खाली फिरणारा स्विव्हल बेस येत असेल तर तो काढूनच वापरा, तो उंची खातो आणि मजबुती पण घालवतो. दुकानात घेताय तर अशी बघा, खाली दोन सारख्या पट्ट्या ठेवून त्यावर चौकोनी तुकडा पकडा, हँडल आवळा, प्लास्टिकच्या हातोड्याने वरून दोन टोले द्या आणि अंगठ्याने पट्टी हलवा. दोन्ही पट्ट्या गच्च असल्या तर व्हाइस चांगली. सरकत्या जबड्याकडची पट्टी सळसळत मागेपुढे होत असेल तर आवळताना तो जबडा वर उचलतोय, तशी व्हाइस सोडून द्या, कितीही चकचकीत असू दे. माझी पहिली व्हाइस अशीच होती, वर्षभर मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय.

दुसरं, एमटी ३ शँकचा ईआर ३२ कोलेट चक. १८ चा सेट घेऊ नका. एंडमिलचे (टोकाने आणि बाजूने कापणाऱ्या कटरचे) शँक, म्हणजे दांडे, ठरलेले असतात, ६, ८, १०, १२, १६, तेवढे पाच कोलेट चांगल्या कंपनीचे घ्या. मी एकदा ऑनलाइन स्वस्त सेट मागवला होता, कुणाचा ते नाही लिहीत. १० च्या कोलेटमध्ये नवीन कार्बाइडचा गोल शँक पकडून डायल (शतांश मिमी दाखवणारं काट्याचं मापक) लावली तर तोंडापासून तीस मिमीवर काटा आठ डिव्हिजन फिरला, म्हणजे ०.०८ मिमी. अशा कोलेटमध्ये चार दातांच्या कटरचा एकच दात काम करतो, बाकीचे तीन नुसते फिरतात आणि तो एक दात लवकर मरतो.

आणि कोलेट आधी नटात टक करून बसवायचा, मग नट चकवर. कोलेट चकमध्ये टाकून वरून नट आवळला की नटातली ती एका बाजूला सरकलेली रिंग कोलेटच्या खाचेत बसतच नाही, कोलेट वाकडा आवळला जातो आणि काढताना आतच अडकतो. लेथवाल्यांना हे कोणी सांगत नाही.

एंडमिल ड्रिल चकमध्ये अजिबात पकडू नका. ड्रिल चक खालून वर येणारा दाब सोसतो, बाजूचा नाही. चक आर्बरवरून सुटून खाली येतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय, पोरगा थोडक्यात वाचला.

तुमचा कॉलम गोल आहे ना, म्हणून एक गोष्ट खास. गोल कॉलमवर हेड वर-खाली केलं की ते बाजूलाही फिरतं आणि सेट केलेली जागा जाते. म्हणजे एज फाइंडरने (जॉबची कड शोधायच्या दांडीने) कड धरली, मग लांब ड्रिल चक बसत नाही म्हणून हेड वर घेतलं, की परत पहिल्यापासून. त्यामुळे ड्रिलसुद्धा शक्यतो कोलेटमध्येच धरा आणि आखूड ड्रिल घ्या. सेंटर ड्रिल, एज फाइंडर, कटर, सगळं क्विलच्या (हँडलने खाली-वर होणाऱ्या स्पिंडलच्या नळीच्या) चालीत बसलं तर हेडला हात लावायला लागत नाही. ह्या एका गोष्टीसाठी कोलेट चकचे पैसे वसूल होतात.

कटर सुरुवातीला एचएसएसचेच (हायस्पीड स्टीलचेच) घ्या, कार्बाइडचा सेट नको. जुनं हलकं मशीन थोडं थरथरतंच, आणि कार्बाइडचे कोपरे थरथरीने टवके उडून जातात. ६, ८, १० चे दोन दाती स्लॉट ड्रिल (खाच काढायचे कटर) आणि १०, १२, १६ चे चार दाती एंडमिल, जमलं तर त्यातले दोन एम ३५ कोबाल्टचे, स्टेनलेस शाफ्टसाठी. फ्लाय कटर (एकाच टूलबिटचा सपाटीकरणाचा कटर) विकत घेऊ नका, तुम्ही लेथवाले आहात, बॉडी टर्न करा आणि घरातला टूलबिट घासून लावा, ब्रॅकेट फेस करायला तेवढं पुरतं. क्लॅम्पिंग किट घेताना टेबलाचा टी-स्लॉट (बोल्ट अडकायची खाच) मोजा, १२ चा असेल तर एम १० चे स्टड, १४ चा असेल तर एम १२ चे.

राहिली पपी डायल (बारीक दांडीची डायल) आणि मॅग्नेटिक स्टँड. लेथवर तुमच्याकडे असेलच, नसेल तर पहिल्या यादीत घाला, त्याशिवाय व्हाइसचा स्थिर जबडा टेबलाला समांतर कसा लावणार? रोटरी टेबल, डीआरओ पुढच्या वर्षी.

हर्णै बंदर
वरच्या सगळ्याला माझं हो आहे, पण खारं वारं कोणी बोललंच नाही. माझी शेड किनाऱ्यापासून अर्धा किलोमीटर. पहिल्या जूनमध्ये कटर लाकडाच्या खोक्यात भुसा घालून ठेवले होते, मला वाटलं भुसा ओल ओढून घेईल. ओढून घेतली आणि कटरलाच दिली. ऑगस्टमध्ये खोका उघडला तर शँकवर बोट फिरवलं की तपकिरी पूड हाताला लागत होती. आता घट्ट झाकणाचे डबे, आत सिलिका जेल, प्रत्येक कटर गंजरोधक व्हीसीआय कागदात गुंडाळलेला. ३० हजारातले थोडे ह्याला बाजूला काढाच.

टेबलावर आणि स्लाइडवर ६८ नंबरचं स्लाइडवे ऑइल. ते पातळ स्प्रे उडून जातात, महिनाभर राखण करत नाहीत. आणि काम संपलं की कोलेट चक स्पिंडलमधून काढून ठेवा. एमटी ३ चा टेपर स्वतःच धरून बसतो, त्यात पावसाळ्यात आठ दिवस तसाच राहिला आणि दमट हवेने गंज धरला तर सुटता सुटत नाही. काढताना ड्रॉबार पूर्ण काढू नका, एखादा आटा सैल करा आणि वरून पितळी हातोड्याने टोला द्या. परत बसवताना टेपर कोरड्या फडक्याने पुसून बसवा.

पडवीतलं वर्कशॉप
फिटर काका, एवढं कोणी समोर बसून पण सांगत नाही. एक विचारतो, पहिलं कामच ३५ मिमी शाफ्टचं आहे, स्टेनलेस, कीवे १० चा. १० च्या कटरने एकदम मारू का?

कुडाळचा फिटर
नको. ३५ च्या शाफ्टला की १० बाय ८, शाफ्टमध्ये खोली ५, हे बरोबर. पण १० चा कटर हलक्या मशीनवर १० चा स्लॉट काढत नाही, एका बाजूला ओढून थोडा मोठाच काढतो, मग की ढिली बसते आणि बोट चालू-बंद करताना तीच की ठोके खाऊन शाफ्ट खराब करते. ८ च्या स्लॉट ड्रिलने मध्यातून खोली घ्या, मग दोन्ही भिंती थोड्या थोड्या घेत कीच्या मापाला या. की हातात घेऊन लावून बघत जा.

वेगाचं सोपं गणित, मीटरला (धारेचा मिनिटाचा वेग) ३२० ने गुणायचं आणि कटरच्या मिमीने भागायचं. स्टेनलेसला एचएसएस १२ मीटर धरा, १२ गुणिले ३२० भागिले ८, म्हणजे ४८० आरपीएम. माइल्ड स्टीलला २५ मीटर धरा, तिथे हजार येतो. स्टेनलेसवर कटर नुसता घासत ठेवू नका, जागा कडक होते आणि पुढचा कट घेतच नाही, फीड चालू ठेवा. आणि टेबलाच्या जुन्या स्क्रूला प्ले (ढिलेपणा) असणारच, त्यामुळे कटरच्या फिरण्याविरुद्ध फीड द्या. त्याच दिशेने दिलात तर कटर टेबल ओढून नेतो आणि तुटतो.

मिरजोळे टर्नर
खरेदीला मुंबईला जाणार असाल तर नागदेवी स्ट्रीट, पण तिथे माल ओळखता यायला हवा. तुम्हाला कोल्हापूर जवळ, शिवाजी उद्यमनगरात हात लावून, डायल लावून बघता येतं. जाताना स्वतःची डायल आणि दोन पट्ट्या घेऊन जा, दुकानदाराला राग येत नाही, जो चिडतो त्याच्याकडून घेऊच नका.

पडवीतलं वर्कशॉप
गुरुवारी जाऊन आलो, सकाळच्या एसटीने गेलो आणि रात्री परत. तिसऱ्या दुकानात व्हाइस पास झाली. पहिल्या दोन ठिकाणी आतली पट्टी हलली, अगदी काका म्हणाले तशी. कोलेट चक आणि ८, १०, १२ चे कोलेट, ८ आणि १० चे स्लॉट ड्रिल, १२ चा एंडमिल, एक कोबाल्टचा ८ चा, एम १० चं किट. १० चा कोलेट घरी येऊन लावला, काटा दीड डिव्हिजन फिरतो. पाच हजार उरलेत, त्यातून डबे आणि व्हीसीआय कागद. जबडा डायलने लावून ठेवलाय, शाफ्ट रविवारी येतोय.

कुडाळचा फिटर
बरा झाला. शाफ्ट पकडायच्या आधी एका भंगार तुकड्यावर तोच कीवे एकदा काढा, आणि कीचा तुकडा खिशात ठेवा.