एकच फोर्स, पत्त्यांत टाळ्या पण मेंटॅलिझममध्ये लोक खरंच मानतात, तुम्ही काय करता?

फावल्या वेळचा जादूगार:
नमस्कार मंडळी. सहा वर्षं झाली पत्ते हातात घेऊन, नोकरी वेगळी आहे, हा फक्त छंद, पण रोज रात्री अर्धा तास तरी आरशासमोर बसतोच. डबल लिफ्ट (दोन पानं एकच म्हणून उचलणं), पाम (पान तळव्यात लपवणं), पास (कॅटचे दोन भाग गुपचूप खालीवर करणं), दोन-तीन फोर्स (आपल्याला हवं तेच पान समोरच्याला घ्यायला लावणं) एवढं बऱ्यापैकी बसलंय. वर्षभरापासून मेंटॅलिझमकडे, म्हणजे मनातलं ओळखल्यासारखं दाखवायच्या जादूकडे, वळलोय आणि तिथे एक गोष्ट घडली जी डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितोय, थोडं लांब होईल.

एकाच महिन्यात दोन घरगुती कार्यक्रमांत मी एकच फोर्स वापरला, दोन्हीकडे पान बदाम नव्वी. पहिल्या ठिकाणी पत्त्यांची जादू म्हणून केली. पान कॅटमध्ये परत गेलं, फुंकर मारली, कॅट पसरला तर सगळी पानं पालथी आणि नव्वी एकटी उताणी. टाळ्या पडल्या आणि लगेच सुरू, "हात दाखव, बाहीत काय आहे, परत कर". दुसऱ्या ठिकाणी पान घेऊन झाल्यावर कॅट टेबलावर ठेवून दिला, परत हातच लावला नाही, समोरच्याला म्हटलं पान डोळ्यांसमोर आणा, आणि थांबत थांबत बोललो, लाल आहे... बदाम... मोठं पान आहे पण चित्र नाहीये... नव्वी. टाळ्याच नाहीत. सगळी खोली गप्प. कॅट तिथेच पडलेला होता तरी एकानेही तो उचलून बघितला नाही.

सगळे पांगल्यावर ओळखीतल्या एक ताई बाजूला आल्या. त्यांची आई काही महिन्यांपूर्वी गेली. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "शेवटी शेवटी आई माझ्यावर रागावली होती का, एवढं सांगता येईल का तुला?" मी लगेच म्हटलं, ताई ही हातचलाखी आहे, मला कुणाच्या मनातलं काही कळत नाही. तर त्या म्हणाल्या, "तू टाळतोयस, काहीतरी वाईट दिसलं असेल तुला."

त्या रात्री झोप लागली नाही. मी खरं सांगितलं आणि त्या खऱ्याचाच त्यांना त्रास झाला. तर विचारायचंय असं की हात तोच, फोर्स तोच, मग एवढा फरक का पडतो? आणि जादू न मारता खरं सांगायचं कसं आणि कधी?

जुना कॅट:
पहिल्या प्रश्नाबद्दल लिहितो, वीसेक वर्षं पत्तेच करतोय, मेंटॅलिझम फार कमी.

पत्त्यांच्या जादूत कॅट तुमच्या हातात असतो, त्यामुळे लोकांचा संशय बरोबर जागी जातो, हातांवर. प्रसिद्ध जादूगार हुडिनी म्हणायचा की तीनदा बघितलं की कुठलीही जादू ओळखतो. १९२२ मध्ये डाय व्हर्नन या पत्त्यांच्या जादूगाराने त्याला एक पान दाखवलं, त्यावर हुडिनीने स्वतःची खूण केलेली, ते वरून दुसऱ्या जागी सरकवलं आणि ते परत वर आलं. तीनपेक्षा कितीतरी जास्त वेळा करून दाखवलं तरी हुडिनीला सापडलं नाही. सापडलं नाही तरी हुडिनीने क्षणभरही असं मानलं नसणार की व्हर्ननकडे शक्ती आहे. तो हातच शोधत होता. पत्त्यांत हरलेला माणूससुद्धा योग्य दिशेला बघत हरतो.

मेंटॅलिझममध्ये तुम्ही कॅट बाजूला ठेवलात त्या क्षणी हात गोष्टीतून बाहेर गेले. आता माणूस स्वतःच्या आत शोधायला लागतो, मी डोळा मिचकावला का, मी आधी कुणाला बोललो का, आणि तिथे काहीच सापडत नाही.

आणि हे सामानावर अवलंबून नाही. पॉल करीची आऊट ऑफ धिस वर्ल्ड ही जादू घ्या, १९४२ ची. नुसते पत्तेच आहेत. पण पालथी पानं न बघता, वाटेल तसं लाल-काळं वेगळं करणारा समोरचा माणूस असतो, तुम्ही नाही. शेवटी पानं उलटली आणि सगळं बरोबर निघालं की तो तुमच्याकडे बघतच नाही, स्वतःच्या हातांकडे बघतो. मी ही करतो तेव्हा दरवेळी तेच बघायला मिळतं, म्हणून माझ्या मते कार्ड ट्रिक आणि मेंटॅलिझम यातली रेघ तिथे आहे, श्रेय कुणाकडे जातं तिथे.

दुसरं म्हणजे वेळ. क्रॉस कट फोर्स (काटलेले दोन भाग एकमेकांवर आडवे ठेवून, आधीचं वरचंच पान काटलेल्या जागचं म्हणून द्यायचं) ज्यांना येतो त्यांना माहितीये, काटल्यावर लगेच पान उचलायला लावलं तर शाळकरी पोरगंही पकडतं, मध्ये वीस-तीस सेकंद गप्पा मारल्या तर कुणालाच कळत नाही की कुठला भाग कुठला होता. तुम्ही मनातलं ओळखताना जे थांबत थांबत बोललात ना, तेवढ्या वेळात पान घेताना काय झालं ते लोक विसरून गेले. पहिल्या कार्यक्रमात तुम्ही लगेच कॅट पसरला. तिथेही जरा थांबून बघा, फरक जाणवेल.

सात वेळा पिसा:
वरच्यात थोडी भर. लोकांचा पिसण्यावर फार विश्वास असतो, दोनदा पिसलं की कॅट पूर्ण मिसळला असं धरून चालतात. ५२ पानांच्या क्रमांची एकूण संख्या ८ वर ६७ शून्यं एवढी मोठी आहे, आणि पर्सी डायकोनिस (हा गणितज्ञ होण्याआधी जादूगारच, घर सोडून व्हर्ननबरोबर फिरलेला) आणि डेव्ह बायर यांनी १९९२ मध्ये दाखवलं की दोन भाग एकमेकांत सोडून पिसायची जी नेहमीची पद्धत आहे त्यात साधारण सात वेळा पिसावं लागतं तेव्हा कुठे नीट मिसळतो. दोन वेळात आधीचा क्रम पुष्कळ शिल्लक असतो. उलट हात एकदम अचूक असेल, एक डावीकडचं एक उजवीकडचं, वरचं पान वरच राहतंय, तर आठ वेळा पिसल्यावर कॅट जसा होता तसाच परत येतो. त्यामुळे क्रम पाठ असलेला कॅट जमला तर मेंटॅलिझमला हातचलाखी फार लागतच नाही. शिकायला महिने जातात पण हात मोकळे होतात.

मनकवडी नाही:
जुना कॅट यांचं सगळं पटलं, पण ताईंचा विषय राहूनच गेला आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो.

मी आधी कोल्ड रीडिंग (कुणालाही लागू पडेल असं बोलून, अंदाजाने माणसाबद्दल सांगणं) करायचे, आता नाही करत. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि सगळ्यांना एकच मजकूर दिला, हे तुमचं व्यक्तिमत्त्व म्हणून. किती लागू पडतंय याला त्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. शिकलेली, हुशार मुलं होती ती. त्यामुळे त्या ताईंना भोळ्या समजू नका, दुःखात असलेल्या माणसाला जिथे फट दिसते तिथून तो आत बघतो.

आणि नंतर सांगून उपयोग होत नाही हे तुम्ही अनुभवलंच. फॉक्स बहिणींचं बघा, १८४८ मध्ये टकटक आवाजांनी मृतांशी बोलणं सुरू केलं, १८८८ मध्ये त्यातल्या मार्गारेटने लोकांसमोर दाखवलं की आवाज पायाच्या बोटांच्या सांध्यांतून काढायचे, तरी मानणारे मानतच राहिले. म्हणून मी सुरुवातीलाच सांगते, पहिल्या वाक्यात, शेवटी नाही. माझं वाक्य साधं आहे: "मला कुणाच्या मनातलं कळत नाही, भविष्य कळत नाही, मी तसं वाटेल असं काही करून दाखवणार आहे आणि ते शिकायला मला बरीच वर्षं लागली." हसतमुखाने म्हणायचं आणि पुढे जायचं.

एक मात्र, "मी तुमची बॉडी लँग्वेज वाचतो" असंही सांगू नका. आजकाल खूपजण हेच सांगतात कारण ते शास्त्रीय वाटतं. फोर्स करून नव्वी काढायची आणि म्हणायचं डोळ्यांवरून ओळखली, मग तो माणूस घरी जाऊन डोळ्यांवरून बायकोचं खोटं पकडायला बसतो. हे पण खोटंच विकणं आहे, फक्त कपडे बदललेले.

शिवाय काही विषयांना मी हात लावत नाही. गेलेली माणसं, आजारपण, लग्न-मूल, पैसे. लहानपणचा खेळ, पुस्तकातला एखादा शब्द, कागदावरचं चित्र, यावर भरपूर करता येतं.

इस्पिक एक्का:
मला हे पटत नाही. आधीच सगळं सांगितलं तर ती शांतता मिळेल का? सिनेमाच्या आधी कुणी येऊन सांगत नाही की हा नट खरा डॉक्टर नाहीये.

मनकवडी नाही:
कारण तिकीट काढून आलेल्याला ते माहीतच असतं, त्या नटाकडे कुणी आपला रिपोर्ट घेऊन जात नाही. आपल्याकडे लोक येतात ना, वर वाचलंत तुम्ही. आणि शांततेचं म्हणाल तर मला आजही मिळते, माझ्या अनुभवात तरी सांगितल्याने काही कमी झालेलं नाही, कारण "हे कसं होऊ शकतं" हा प्रश्न तसाच राहतो.

फावल्या वेळचा जादूगार:
तीन आठवड्यांनी परत आलोय, सगळ्यांचे मनापासून आभार. परवा एका कार्यक्रमात ते वाक्य पहिल्यांदा म्हटलं, थोडं माझ्या शब्दांत. इस्पिक एक्का, तुमच्यासाठी मुद्दाम लिहितो, शांतता तशीच होती. नंतर दोघं आले, दोघांनीही एवढंच विचारलं की शिकायला किती दिवस लागतात.

आणि त्या ताईंकडे जाऊन आलो. समजावत बसलो नाही, सोबत कॅट नेला होता. २१ पानं मोजून दिली, तीन ओळी, त्यांचं पान ज्या ओळीत ती ओळ मधे, असं तीनदा, पान बरोबर अकरावं निघालं. मग पत्ते त्यांच्याच हातात दिले आणि कसं करायचं ते सांगितलं, पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा त्यांनी माझं पान काढलं, किलवरची सत्ती. बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे तुला खरंच काही दिसलं नव्हतं." मी म्हटलं नाही ताई, काहीच नाही. मग त्या आईबद्दल बोलायला लागल्या, मी नुसतं ऐकलं.

आता त्यांना डबल लिफ्ट शिकायचीये आणि करंगळीचा ब्रेक (वरच्या पानांखाली करंगळीने गुपचूप धरलेली बारीक फट) टिकत नाहीये, पानं पुढून उघडी पडतात. मला शिकवताना नीट सांगता येत नाहीये, कुणी सांगेल का?

जुना कॅट:
बहुतेक बोटाचं टोक आत खुपसत असतील. टोक नाही, फक्त पेराचं मांस कडेला चिकटू द्या, जेमतेम एका पानाच्या जाडीएवढी फट पुरते, आणि वरून अंगठा हलका ठेवून पुढची कड बंद करा. पहिले आठ-दहा दिवस पान उलटायचंच नाही, नुसता ब्रेक धरून टीव्ही बघत बसायचं.