‘आंशिक दाब’ म्हणजे अर्धवट दाब का?

बोरूबहाद्दर:
भाची दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती. अकरावीला सायन्स घेतलं आणि सगळं इंग्रजीत आलं. ‘पार्शल प्रेशर’ डोक्यात शिरेना, म्हणून मी तिला ‘आंशिक दाब’ हा मराठी शब्द दिला. दुसऱ्या दिवशी तिची वही बघून चाट पडलो. एक बंद डबा, पट्टीने रेघा मारून त्याचे पाच कप्पे, चारांत नायट्रोजन, एकात ऑक्सिजन. खाली ओळ : ‘ऑक्सिजन डब्याचा थोडाच भाग दाबतो, म्हणून त्याचा दाब आंशिक.’ आता ही चूक पोरीची की शब्दाची? आणि याहून नेमका शब्द आहे का?

खडूफळा:
शब्दाचीच जास्त. मराठीत ‘आंशिक’ म्हटलं की काहीतरी उणं असल्याचा वास येतो. आंशिक सूट, अंशतः ढगाळ, अंशतः अनुदानित शाळा (हे शेवटचं किती उणं असतं ते आमच्यासारख्यांना विचारा). इथे दाबात उणं काहीच नाही. ऑक्सिजन सगळ्या डब्यात पसरलेला असतो आणि डब्याच्या प्रत्येक भिंतीवर आपटत असतो. सगळा नायट्रोजन काढून घेतला तरी ऑक्सिजन आत्ता देतोय तेवढाच दाब देत राहील. तोच त्याचा आंशिक दाब. सगळ्यांच्या दाबांची बेरीज म्हणजे एकूण दाब, एवढंच जॉन डाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०१ मध्ये मांडलं.

अवांतर: डाल्टन हवामानाच्या नोंदी ठेवणारा माणूस. १७८७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १८४४ पर्यंत, त्याने रोजनिशी सोडली नाही. हवेतल्या वाफेचा विचार करता करता तो या नियमापाशी पोचला. गंमत म्हणजे उत्तर बरोबर आलं, पण त्यामागचं चित्र चुकीचं होतं. एका वायूचे कण फक्त आपल्याच जातीच्या कणांना दूर लोटतात, परक्यांना नाही, असं त्याला वाटायचं.

वेलांटी:
मी वर्गात ‘वर्गणी’ म्हणते. सोसायटीच्या गणपतीची वर्गणी दरडोई ठरलेली असते, तशी. हायड्रोजनचा रेणू हलका आणि ऑक्सिजनचा त्याच्या सोळापट जड, पण तापमान तेच असेल तर दोघांची वर्गणी सारखी. जड रेणू सावकाश फिरतो, हलका सुसाट सुटतो, हिशोब बरोबर बसतो. म्हणजे कोण किती वजनदार हे बघायचं नाही, डोकी मोजायची. कोरड्या हवेत शंभरातली ७८ डोकी नायट्रोजनची, २१ ऑक्सिजनची, उरलेलं जवळजवळ एक आरगॉनचं. एकूण दाब १ बार (साधारण समुद्रसपाटीच्या हवेचा दाब) धरला तर ऑक्सिजनची वर्गणी ०.२१ बार.

काना-मात्रा:
वर्गणी झकास. पण व्याख्येसाठी मी ‘अंशदाब’ सुचवेन. ‘आंशिक’ हे विशेषण दाबालाच चिकटतं आणि दाब कसा तर आंशिक, असं वाचलं जातं. ‘अंशदाब’ म्हणजे अंशाचा दाब. शिवाय मराठी माध्यमाच्या मुलाला अंश आणि छेद पाचवीपासून पाठ असतात. ऑक्सिजनचे रेणू अंश, एकूण रेणू छेद, त्या अपूर्णांकाला एकूण दाबाने गुणलं की अंशदाब. शब्दातच रीत आली. एकच भीती, ‘अंश’ तापमानालाही लावतात, तेव्हा ‘३० अंशाला अंशदाब’ असं वाक्य कानाला खडा लागल्यासारखं लागेल.

‘दबाव’ मात्र नको. मराठीत दबाव माणसावर येतो, वरून फोन आला की. भांड्यात असतो तो दाब.

पाणबुड्या:
तारकर्लीला स्कूबा शिकलो तेव्हा हा शब्द अंगावर शिकलो, म्हणून लिहितो. पाण्यात दर १० मीटरला साधारण १ बार दाब वाढतो. वरच्या हवेचा १ बार धरून ३० मीटरवर एकूण ४ बार. सिलिंडरमधली हवा तीच, ऑक्सिजन तोच २१ टक्के, पण त्याचा अंशदाब ०.८४ बार आणि नायट्रोजनचा ३.१ च्या वर. शरीराला टक्के कळत नाहीत, अंशदाब कळतो. तेवढ्या नायट्रोजनने दारूसारखी झिंग यायला लागते. ३२ टक्के ऑक्सिजनवालं नायट्रॉक्स (ऑक्सिजन वाढवलेली हवा) घेतलं तर दुसरीच वेसण. ऑक्सिजनचा अंशदाब १.४ बारच्या वर जाऊ द्यायचा नाही, नाहीतर पाण्यातच झटके येऊ शकतात. १.४ भागिले ०.३२ म्हणजे ४.३७ बार, म्हणजे ३३ मीटरच्या खाली जायचं नाही.

हे मिश्रण भरण्याची एक पद्धतच अंशदाबावर चालते. रिकाम्या टाकीत आधी शुद्ध ऑक्सिजन सुमारे २८ बारपर्यंत, मग वरून साधी हवा २०० बारपर्यंत. हिशोब करून बघा, ३२ टक्के येतात. तरीही यंत्राने तपासल्याशिवाय कोणी ती टाकी पाठीला लावत नाही. भरताना टाकी तापते आणि काटा जास्त दाखवतो. शिवाय २०० बारला रेणू इतके खेटून असतात की डाल्टनची सरळ बेरीज थोडी चुकते. घरी कोणी हा उद्योग करू नका. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेलाचं किंवा ग्रीसचं नुसतं बोट पुरतं पेट घ्यायला.

वेलांटी:
याच्या उलटं लेहला. ‘तिथे ऑक्सिजन कमी असतो’ असं सगळे म्हणतात, पण टक्के तिथेही २१ च. साडेतीन हजार मीटरवर एकूण दाबच समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्के, म्हणून अंशदाब ०.२१ वरून ०.१४ च्या आसपास येतो. आपला जुना शब्द ‘विरळ हवा’ इथे शास्त्राला धरून आहे.

खडूफळा:
भाचीच्या आकृतीबद्दल एक राहिलं. ती आकृती वेडगळ नाही. डब्यात पडदे घालून प्रत्येक वायू एकूण दाबाला वेगळा ठेवला, तर आकारमानांची बेरीज डब्याएवढी होते. हा अमागा या फ्रेंच शास्त्रज्ञाचा नियम, तोही खराच. तिथे जागा वाटून घेतलेली असते आणि दाब प्रत्येकाचा पूर्ण. डाल्टनकडे जागा प्रत्येकाला पूर्ण आणि दाब वाटून. तिने चित्र अमागाचं काढलं आणि खाली नाव डाल्टनचं लिहिलं, इतकंच.

बोरूबहाद्दर:
हे तिला वाचून दाखवलं, ‘चित्र बरोबर होतं’ यावर भलतीच खूश झाली. नवीन आकृतीत कप्पे नाहीत, निळे-लाल ठिपके सगळीकडे मिसळलेले. मी ‘अंशदाब’ घेतला, तिने ‘वर्गणी’. मग मी तिला पाण्यावर गोळा केलेल्या, म्हणजे पाण्याची वाफ मिसळलेल्या, वायूचं गणित घातलं. पुण्यातला दाब ७१० मिमी पारा, पाणी ३० अंशाला. पठ्ठीने सवयीने समुद्रसपाटीचे ७६० धरले. ते दाखवल्यावर ७१० केले आणि तेच उत्तर म्हणून लिहिलं. वाफेची ३२ ची वर्गणी वजा करायची राहिली. कोरड्या वायूचे ६७८ आता उद्या.