अल्बम सलग ऐकणं म्हणजे दिखावा?

कोमल निषाद (धागाकर्ती)

'सध्या कोणता अल्बम ऐकताय?' या धाग्यावर काल सरळसोट यांचा प्रतिसाद आला: "अल्बम सलग ऐकतो म्हणणारे निम्मे थापा मारतात. कुठल्याही अल्बमात दोन-तीन गाणी दमाची, बाकी भरताड. याद्या टाकायच्या त्या आपण किती जाणकार ते दाखवायला. मी आवडलेलं तेवढं उचलतो, शफलवर, म्हणजे उलटसुलट क्रमाने, टाकतो आणि सुखात ऐकतो."

शफलवर ऐका, कुणाची ना नाही. पण आम्ही थापा मारतो हे डोक्यात गेलं, म्हणून सविस्तर लिहितेय. तिथे लिहिलं असतं तर लोकांच्या याद्या बाजूला पडल्या असत्या.

माझ्याकडे सध्या 'कॉल ऑफ द व्हॅली' चालू आहे. १९६७ चा. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा, तिघेही तेव्हा तिशीच्या आसपासचे. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस त्यांनी संतूर, बासरी आणि गिटारवर मांडलाय. अहीरभैरव आणि नटभैरवाने सकाळ होते, मग पिलू. बाजू पलटली की भूप, देस आणि शेवटी पहाडी. रागांच्या वेळा हीच इथे गोष्ट आहे. हे शफलवर टाकलं की देसानंतर अहीरभैरव-नटभैरव लागतो, मग पहाडी, मग पिलू. सूर तेच, वादकही तेच, पण त्या माणसाचा दिवस गेला ना! यातला कोणता तुकडा भरताड, तो दाखवा.

गाण्यांचा क्रम लावणं हे काम आहे. तबकडी एकाच गतीने फिरते, पण मध्याकडे घेर लहान होत जातो. तेवढ्याच वेळात सुईखालून कमी रेघ सरकते आणि आवाज फाटण्याचा धोका वाढतो. म्हणून जोरकस गाणी बाजूच्या सुरुवातीला आणि शांत गाणी शेवटी ठेवायची रीत पडली. पुढे सीडी आली, ती अडचण संपली, तरी क्रमावर डोकं चालवणं कुणी सोडलं नाही. २०२१ मध्ये अडेलच्या मागणीवरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचं मुख्य शफल बटण काढलं. अल्बम ठरल्या क्रमाने लागावा यासाठी गायिकेला मागणी करावी लागते, ही वेळ आपणच आणली.

सरळसोट

थापा हा शब्द लागला असेल तर लागू दे. आठवड्याला वीस-वीस अल्बमांची यादी टाकणारे लोक आहेत त्या धाग्यावर. नोकरी, घर, झोप सांभाळून वीस अल्बम कधी ऐकले? लावून ठेवणं आणि ऐकणं यात फरक आहे.

आता तुमच्या क्रमाबद्दल. अल्बम ही काही संगीताची गरज नव्हती. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने लाँग प्ले, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आणली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळू लागली, ती भरायची म्हणून गाणी लागली. त्याआधी मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. गौहरजानने १९०२ मध्ये तेवढ्यातच गायलं आणि शेवटी स्वतःचं नावही सांगितलं. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी त्याच मापात बसलीय, आणि आजही लोक ती ऐकून डोळे पुसतात. तिच्या मागेपुढे काय होतं हे कोण विचारतं? गाणं स्वतःच्या पायावर उभं राहतं. मेंढपाळाचा दिवस अपवाद आहे. अपवाद दाखवून नियम सिद्ध करू नका.

आणि आजचे अल्बम? २०१४ च्या अखेरीपासून बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या, अल्बमयादीत स्ट्रीमही, म्हणजे ऑनलाइन ऐकणंही, धरतात. जितकी गाणी जास्त तितके आकडे जास्त. म्हणून पंचवीस-पंचवीस गाण्यांचे फुगवलेले अल्बम येतात. ते सलग ऐकून मी कुणाचा आकडा वाढवायचा? तीस सेकंद झाले की स्ट्रीम मोजला जातो, म्हणून सुरुवातीचं वादनच कापतात हल्ली. याबद्दल कुणी बोलत नाही.

ठेका

दोघांचंही मला पटत नाही. बावीस मिनिटांत राग बसवणं हीच मुळात तडजोड आहे. आलाप आटपायचा, मध्यलय घाईत, द्रुत संपताना बाजू संपते. ज्याने मैफलीतला तासभराचा यमन ऐकलाय त्याला लाँग प्लेवरचा राग म्हणजे ओळखपत्रावरचा फोटो. मी सध्या फक्त मैफलींची ध्वनिमुद्रणं ऐकतोय. खोकला, तानपुरा मिळवणं, मध्येच गायक तबलजीला काही सांगतो, सगळं त्यात असतं. तेच खरं.

कोमल निषाद

ठेका, किशोरीताईंचा भूप ऐका आणि मग तडजोड म्हणा. 'प्रथम सुर साधे' आणि लगेच 'सहेला रे'. तिथे एक स्वर जास्तीचा नाही. मर्यादा असली की काय गाळायचं ते ठरवावं लागतं, आणि ते ठरवायला आयुष्याची तालीम लागते.

सरळसोट, फुगवलेल्या अल्बमांचा राग मलाही आहे. तो राग अल्बम या प्रकारावर काढू नका.

सुई आणि रेघ

तुम्ही सगळे फोनवर ऐकून भांडताय, मूळ दुखणं तिथेच आहे. रेकॉर्ड लावा. कव्हरमधून काढायची, कडेने धरायची, ब्रश फिरवायचा, सुई ठेवायची. बाजू संपली की उठायचं. एवढं केल्यावर माणूस आपोआप सलग ऐकतो. आणि आवाज! डिजिटलमध्ये ती ऊब येणारच नाही. आकडे करून परत जोडलेला आवाज तो. २०२२ मध्ये अमेरिकेत रेकॉर्डींची विक्री नगांमध्ये सीडीपेक्षा जास्त झाली, १९८७ नंतर पहिल्यांदा. लोक उगाच परत येत नाहीत.

अर्धमात्रा

थांबा. कव्हर, ब्रश, बाजू पलटणं, सगळं मान्य. पण 'आकडे करून परत जोडलेला आवाज' हे वाचून गप्प बसवत नाही. मी मास्टरिंगचं, म्हणजे गाणं बाहेर पडण्याआधी त्याच्या आवाजावर शेवटचा हात फिरवण्याचं, काम करतो.

सीडीत आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतात, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ. तेवढ्यात २० किलोहर्ट्झपर्यंतचा, म्हणजे माणसाला ऐकू येणारा, आवाज पूर्ण परत मिळतो. मध्ये पायऱ्या-बियऱ्या काही नसतात. तुम्ही ज्याला ऊब म्हणता ती तबकडीची विकृती आहे. ती आवडत असेल तर आवडू दे, पण तिला सत्य म्हणू नका. २०२२ मध्येच उघड झालं की शुद्ध अ‍ॅनालॉग, म्हणजे कुठेही आकडे न केलेल्या, म्हणून नावाजलेल्या एका अमेरिकी कंपनीच्या महागड्या रेकॉर्डी बनताना मध्ये डिजिटल टप्पा होता, आणि तोही कित्येक वर्षं. कान तयार असल्याचा दावा करणाऱ्यांपैकी कुणाला कळलं? एकाही समीक्षकाने लिहिलं नव्हतं.

सुई आणि रेघ

कंपनीने फसवलं त्याचा दोष ऐकणाऱ्यांना देताय? लोकांनी विश्वासाने घेतल्या त्या रेकॉर्डी. आणि तुमच्या धंद्याने काय दिवे लावले ते सांगू का? मेटालिका या रॉक बँडचा २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक'. सीडी इतकी दाबून, म्हणजे हळू-मोठ्यातला फरक घालवून, जोरात केली की आवाज फाटायला लागला. तीच गाणी गिटार हीरो या खेळात आली तेव्हा कमी दाबलेली होती, म्हणून चाहते खेळातून उतरवून ऐकत होते. हे मास्टरिंग?

अर्धमात्रा

ते वाईटच होतं, आणि आमच्यातल्याच कितीतरी जणांनी तेव्हा जाहीर सांगितलं. आता बहुतेक स्ट्रीमिंगवर सगळ्या गाण्यांची पातळी सारखी करतात, त्यामुळे दाबून काही मिळत नाही. तरी गिऱ्हाईक सांगतंच, "जरा जोरात करा." रोज ऐकतो हे वाक्य.

पण माध्यम आणि मास्टर यांची गल्लत करू नका. एखादी रेकॉर्ड सीडीपेक्षा मोकळी वाजते कारण तिच्यासाठी वेगळं मास्टर केलेलं असतं. एवढं तुमच्या बाजूने देतो, यापुढे नाही.

'मूळ रेकॉर्ड म्हणजे खरा आवाज' याचा त्रास मी स्वतः भोगलाय. जॅझवादक माइल्स डेव्हिसचा १९५९ चा 'काइंड ऑफ ब्लू' आमच्या घरी जुन्या तबकडीवर होता. शाळकरी वयात मी तिच्यासोबत पियानो वाजवायला बसायचो. पहिली बाजू लागली की जमायचंच नाही. एका पट्टीवर बोट ठेवलं तर सूर खाली वाटायचा, पुढच्या पट्टीवर वर. शिकवणाऱ्यांना सांगितलं तर ते म्हणाले, तुझा कान कच्चा आहे. वर्षानुवर्षं मी ते खरं धरून चाललो. नंतर कळलं की पहिल्या सत्राच्या वेळी ध्वनिमुद्रणयंत्र हळू फिरत होतं, म्हणून ती तीन गाणी तबकडीवर चढी वाजतात. सोबतीला दुसरं यंत्र योग्य गतीने चालू होतं, त्यावरून १९९२ च्या आवृत्तीत दुरुस्ती झाली. माझा कान पहिल्यापासून बरोबर होता. तुमच्या पवित्र मूळ तबकडीने एका मुलाचा आत्मविश्वास घालवला.

सुई आणि रेघ

पवित्र मी म्हटलेलं नाही. शब्द तोंडात घालू नका. गोष्ट वाचून वाईट वाटलं हे खरं. पण त्या तीन गाण्यांवरून साठ-सत्तर वर्षांच्या रेकॉर्डी मोडीत काढणार असाल तर बोलणं संपलं.

सरळसोट

मूळ विषय काय होता कुणाला आठवतंय का? मी शफलबद्दल लिहिलं होतं.

एका कानाने

इतके दिवस फक्त वाचत होतो. माझा डावा कान काही वर्षांपूर्वी आजारात पूर्ण गेला. तुम्ही ऊब आणि किलोहर्ट्झवर भांडताय, माझा प्रश्न वेगळाच आहे. साठच्या दशकातल्या कितीतरी स्टिरिओ, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला वेगळा आवाज देणाऱ्या, अल्बमांत गायक एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला टाकलीत. हेडफोन लावला की मला नुसती वाद्यं नाहीतर नुसता गळा ऐकू येतो. बीटल्सचा 'रबर सोल' लावला तेव्हा उजव्या कानात गाणं आलं, पण बाकीचा बँड जवळजवळ गायब. वाटलं, आपलं संगीत संपलं. वर्षभर काही लावलंच नाही.

मग बहिणीने फोनच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू करून दिला. सुलभतेच्या पर्यायांत असतो तो. दोन्ही बाजू एका कानात आल्या. तेव्हापासून मी अल्बमच ऐकतो, सुटी-सुटी गाणी नाही. कारण शफलमध्ये प्रत्येक गाण्याची रचना वेगळी, कानाला दर वेळी नव्याने शोधावं लागतं, मी थकतो. एका अल्बमात आवाजाची ठेवण साधारण एकसारखी असते. दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यापर्यंत कान रुळतो आणि मग बास कुठे आहे, गिटार कुठे आहे ते उलगडायला लागतं. सरळसोट, यात मी कुणाला काही दाखवत नाहीये.

सरळसोट

तुमच्याबद्दल ते वाक्य नव्हतं आणि तुम्हाला ते लागू होत नाही. 'निम्मे' हा शब्द मागे घेतो. वीस अल्बमवाल्यांबद्दलचं मत तेच.

'कॉल ऑफ द व्हॅली' काल क्रमाने लावला. पहाडी शेवटीच हवी हे मान्य. पण माझ्याकडच्या आवृत्तीत पहाडीनंतर आणखी तीन तुकडे लागले. दिवस संपल्यावर हे काय?

कोमल निषाद

ते मूळ तबकडीवर नाहीत, सीडी काढताना मागे जोडले. पहिल्या पाचांची वेगळी यादी करून ठेवा. आवडलं का ते मात्र तुम्ही शिताफीने टाळलंत.

सरळसोट

देस आवडला. तेवढाच उचलून माझ्या यादीत टाकलाय.

ठेका

मैफलीतला देस पाठवतो, मग बोला.

अर्धमात्रा

एका कानाने, एक सांगतो. फोनचं मोनो सेटिंग दोन्ही बाजूंची फक्त बेरीज करतं, त्यामुळे मधोमध ठेवलेले आवाज जरा पुढे येतात. 'रबर सोल' १९६५ मध्ये मोनोतही वेगळा मिक्स केला होता, म्हणजे गळा आणि वाद्यं एकाच बाजूसाठी नव्याने जुळवली होती. बीटल्सचे मोनो मिक्स २००९ मध्ये सीडीवर एकत्र आले, आणि २०१४ मध्ये मूळ टेपवरून रेकॉर्डीवरही, मध्ये डिजिटल टप्पा न ठेवता. सुई यांच्याकडे तो संच असेल तर त्यांनीच सांगावं कसा वाजतो. त्या कामात खोट काढायला मला जागा नाही.

सुई आणि रेघ

आहे. गळा आणि ढोल दोन्ही समोरून येतात, कुठेही उजवं-डावं नाही. एका कानाने, मोनो 'रबर सोल'पासूनच सुरू करा, बीटल्सचाच 'सार्जंट पेपर' त्यानंतर. त्याचाही मोनो मिक्स वेगळा आहे, काही गाण्यांची गतीसुद्धा स्टिरिओपेक्षा निराळी आहे. ऐकून झालं की लिहा, मला वाचायचंय.