शब्दचर्चा: ‘डिसेंटर’ला मराठीत काय म्हणावं?

चिंचोका: जोसेफ प्रीस्टलीवर (१७३३–१८०४) लेख लिहितेय. ऑक्सिजनवाला तोच हा, पण पेशाने धर्मोपदेशक आणि ‘डिसेंटर’. ‘असंतुष्ट’ चालेल का?

खडूफळा: नको हो ताई, तिकीट कापलेला उमेदवार डोळ्यांपुढे येतो. ‘बंडखोर’ म्हणजे तोच, अपक्ष अर्ज भरल्यानंतरचा! मुळात डिसेंटर हा स्वभाव नव्हे, कायद्याने चिकटवलेला दर्जा. इंग्लंडच्या राजमान्य चर्चबाहेर राहिलेला प्रोटेस्टंट. त्याला ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी मिळत नसे. म्हणून या लोकांनी स्वतःच्या अकादम्या काढल्या. प्रीस्टली डॅव्हेंट्रीच्या अकादमीत शिकला, वॉरिंग्टनच्या अकादमीत शिकवायला लागला. पहिल्यांदा ‘राजमान्य चर्चबाहेरचा’ असं फोडून सांगा, पुढे खुशाल डिसेंटर लिहा.

माळरान: ‘पाखंडी’ का नको?

खडूफळा: ते विरोधकांच्या तोंडचं. शिवाय आपल्याकडे पाखंडी म्हणजे ढोंगीही. हा तर उघड सांगायचा की येशू माणूस होता, त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, वगैरे नंतरचं. १७९१ साली बर्मिंगहॅमच्या दंगलीत जमावाने त्याचं घर जाळलं, प्रयोगशाळेसकट.

चिंचोका: त्याचं १७८२चं ‘करप्शन्स ऑफ ख्रिश्चॅनिटी’ मी ‘ख्रिस्ती धर्मातील भ्रष्टाचार’ केलं होतं. घरी वाचून दाखवलं तर विचारलं, किती कोटींचा?

माळरान: ‘भेसळ’ करा. मूळ धर्म साधा होता, त्यात मागाहून नको ते मिसळलं, हेच तर त्याचं म्हणणं.

चिंचोका: भेसळ! घेतला. आता ‘डिफ्लॉजिस्टिकेटेड एअर’. सरळ प्राणवायू लिहू?

खडूफळा: त्याच्या तोंडी नको. १ ऑगस्ट १७७४ला त्याने मोठ्या भिंगाने पाऱ्याच्या लाल भस्मावर ऊन एकवटलं, निघालेल्या वायूत मेणबत्ती झगझगून पेटली. त्याचा अर्थ त्याने असा लावला की या वायूतलं फ्लॉजिस्टन, म्हणजे जळण्याचं तत्त्व, निघून गेलंय. म्हणून तो जळत्या वस्तूतलं अधाशासारखं ओढून घेतो. तेव्हा ‘ज्वलनतत्त्वरहित वायू’. बोजड आहे, पण मूळ शब्द कुठे सुटसुटीत आहे? ऑक्सिजन हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिएचं नाव, अर्थ ‘आम्लजनक’. तीही समजूत चुकीचीच निघाली. आपला प्राणवायू पंचप्राणांतून आलेला, दोघांच्याही भांडणाबाहेरचा. आणि तिथल्या ‘एअर’ला हवा नका करू, वायूच बरोबर.

माळरान: ‘युनिटेरियन’चं, म्हणजे त्रैक्य न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या नावाचं, काय केलंत? विठ्ठल रामजी शिंदे १९०१ साली ऑक्सफर्डच्या ज्या मँचेस्टर कॉलेजात गेले, ते युनिटेरियनांचंच. त्याची परंपरा वॉरिंग्टनपर्यंत मागे जाते. म्हणजे हा शब्द आपल्याला परका नाही.

चिंचोका: ‘एकेश्वरवादी’ लिहिलंय.

खडूफळा: अहो, त्रैक्य मानणारा ख्रिस्तीही स्वतःला एकेश्वरवादीच म्हणवतो!

चिंचोका: खोडलं. युनिटेरियनच ठेवते आणि खाली एक ओळ टीप देते.