मदत हवी आहे: हस्तकलेतून मुलांना रोजगाराचं कौशल्य कसं शिकवायचं?

नमस्कार मंडळी, आमच्याकडे १४ ते १८ वयाची मुलंमुली येतात, कुणाची शाळा सुटलीय, कुणाला घरचा आधारच नाही, त्यांना आम्ही हाताने वह्या शिवायला शिकवतोय. वहीच का, तर त्यात माप घेणं येतं, कागदाचा ग्रेन, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, बघून घडी घालणं येतं (तंतूंना आडवी घातली की घडी फाटल्यासारखी होते आणि वही नीट मिटत नाही), टोच्याने सारख्या अंतरावर भोकं पाडणं, मग मेण लावलेला दोरा. हात छान बसलाय पोरांचा.

अडतंय पुढे. किंमत काढताना कागद, पुठ्ठा, दोरा सगळं धरतात पण स्वतःचा वेळ कुणीच धरत नाही, "माझ्या वेळेचे कसले पैसे" असं एक मुलगी म्हणाली, फार वाईट वाटलं मला. आणि शिवण तिरकी गेली म्हणून उसवायला सांगितलं की काहीजण काम टाकून उठूनच जातात, आजवर नुसता ओरडाच खाल्लाय ना त्यांनी. नमुन्याची वही शेजारी ठेवून चूक त्यांची त्यांनाच शोधू दिली तर जमेल का?

विक्रीसाठी मुलांचे फोटो, घरची कहाणी वापरायची नाही हे आमचं पक्कं आहे. अशा मुलांसोबत काम केलेल्यांनी प्लीज सविस्तर सांगा, वेळेची किंमत कशी शिकवलीत ते तर नक्कीच.