नकार मिळालेल्या निर्वासितांना वर कोर्ट कशाला?

रांगेतला: कॅनडात निर्वासित म्हणून अर्ज टाकायचा. निर्वासित बोर्डाने फेटाळला की बोर्डाचंच अपील डिव्हिजन, तिथेही फेटाळला की फेडरल कोर्ट. तोवर नोकरी चालू, पोरं शाळेत. आम्ही मूर्ख, आयईएलटीएस देऊन, पॉइंट मोजत पीआरची, म्हणजे कायम राहायच्या परवानगीची, वाट बघत बसलो. एकदा नाही म्हटलं की विमानात बसवा!

मिसिसागाची माई: राहवलं नाही म्हणून लिहितेय, लांबेल. फेडरल कोर्ट कुणाला निर्वासित ठरवत नाही हो. आधी कोर्टात शिरायलाच परवानगी लागते, 'लीव्ह'. नकार कळल्यापासून १५ दिवसांत अर्ज करायचा, आणि न्यायाधीश तो नुसत्या कागदांवरून, कारण न देता फेटाळू शकतात. परवानगी मिळालीच, तर प्रश्न एवढाच की बोर्डाचा निर्णय तर्काला धरून आहे का. कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाचा २०१९ चा वाविलोव निकाल वाचा. जिंकलात तरी केस परत बोर्डाच्या दुसऱ्या सदस्याकडे. त्याच कोर्टातल्या १९८५ च्या सिंग खटल्याआधी तर निर्णय घेणाऱ्यासमोर तोंड उघडायला मिळेल याचीही हमी नव्हती.

माझ्या ओळखीच्या एका बाईंनी फॉर्ममध्ये लिहिलं, मारहाण दिवाळीआधी. सुनावणीत तोंडून निघालं, भाऊबीजेनंतर. निकाल काय, तर 'विश्वासार्ह नाही'. यावर कुणी परत नजर टाकायचीच नाही?

रांगेतला: परत दुसऱ्या सदस्याकडे म्हणजे परत वाट बघणं, मी तेच म्हणतोय! आणि ओळखीच्या बाई सगळ्यांकडेच असतात.

कल्याणकर: मला वेगळाच राग आहे. पंजाबातून आलेल्यांना किती निकालांत सांगतात, गावी धोका असेल, पण मुंबईत राहा की! 'इंटर्नल फ्लाइट अल्टरनेटिव्ह', म्हणजे देशातच दुसरीकडे पळून राहायची सोय. टोरांटोत बसून मुंबईत घर देतात. डिपॉझिट कोण भरणार?

सोसायटी सेक्रेटरी: मिळतं की घर. भाडेकरार करा, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या, संपलं.

कल्याणकर: अहो, पोलीसच मागे लागलेत म्हणणारा माणूस पोलिसांकडेच नावपत्ता देणार? वकील कोर्टात हाच मुद्दा मांडतात. कधी चालतो, कधी न्यायाधीश म्हणतात, तुम्हाला शोधायची ताकद आणि इच्छा दोन्ही आहे हे दाखवा.

सोसायटी सेक्रेटरी: आमच्याकडे कोणी एवढं खोलात जात नाही. मासे खाता का, बॅचलर आहात का, बस.

कल्याणकर: बस? मला याच दोन प्रश्नांवर तीन घरं नाकारली गेली. आपल्याच शहरात!

रांगेतला: हा धागा भाड्याच्या घरांचा आहे का?

मिसिसागाची माई: तुमच्या पीआरचा तरी कुठे होता?

रांगेतला: बरं बाई, ठेवा तुमचं कोर्ट, चाळणी आहे म्हणता तर असेल. पण ते चालू असताना रवानगी थांबते की नाही, तेवढं सांगा.

मिसिसागाची माई: अपील डिव्हिजनच्या नकारावर गेलात तर बहुतेकदा आपोआप थांबते. ज्यांना अपील डिव्हिजनचं दारच बंद, त्यांना वेगळा स्टे मागावा लागतो. तो मिळेलच असं नाही.

रांगेतला: थांबते ना? झालं तर मग.

कल्याणकर: सेक्रेटरी, तुमच्या बिल्डिंगमध्ये वन बीएचके रिकामा आहे का? मासे खातो, आधीच सांगतो.