लॅब्राडॉरला लिम्फोमा: केमोचा खर्च कसा उभा करायचा?

फॉल_पिको_चिंचवड
आमच्या बंड्याच्या (लॅब, वय आठ) जबड्याखाली लिंबाएवढ्या गाठी आल्या. सुई घालून तपासलं तर लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर निघाला. केमो पाच-सहा महिने चालेल, तपासण्या धरून दीड लाखाच्या घरात जाईल म्हणाले. मी घरी ब्लाउज शिवते, हे रिक्षा चालवतात. पुढच्या महिन्यात माझी साठ हजारांची भिशी लागेल, पण ती लेकीच्या डिप्लोमाच्या फीची आहे. सासूबाई म्हणतात, "माणसांचंच भागत नाही, कुत्र्याचं काय घेऊन बसलीस!" आणि स्वतःच्या ताटातली चपाती गुपचूप त्यालाच घालतात. तो अजून नीट खातोय. मशीनच्या पायडलवर हनुवटी टेकून झोपतो, गिऱ्हाईक खोळंबतं. आता विमा काढता येईल का? की कर्ज काढू? डॉक्टरांना तोंडावर "पैसे नाहीत" म्हणायची लाज वाटते, हेही खरं.

ढोरडॉक्टर_सातारा
लाज बाजूला ठेवा ताई, आकडा आधी सांगा. पूर्ण कोर्सला सीएचओपी म्हणतात, त्यात चार औषधं आलटून-पालटून असतात. बहुतेक कुत्र्यांच्या गाठी विरघळतात, पण आजार सहसा उलटतो. साधारण वर्षभर मिळतं. त्यातलंच एक, नुसतं डॉक्सोरुबिसिन तीन आठवड्यांनी एकदा, असे चार-पाच डोस हाही मार्ग आहे. फेऱ्या कमी, खर्च कमी, काळही थोडा कमी. औषधं माणसांचीच, जेनेरिक मिळतात. आधी हृदयाची तपासणी मात्र हवीच. आणि केमो करायचं ठरेपर्यंत स्टिरॉइड सुरू करू नका, नंतर केमोचा गुण कमी येतो.

ठाणेकर_गोल्डी
विम्याचा नाद सोडा, आधीच निघालेल्या आजाराला पैसे मिळत नाहीत. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना खासगीपेक्षा स्वस्त, पण चिंचवडहून दर खेपेला गाडी केलीत तर वाचलेले पैसे भाड्यातच जातील. केटो, मिलाप या वर्गणी गोळा करायच्या वेबसाइटींवर लोक प्राण्यांसाठीही मदत मागतात. बिलं जोडा, नुसत्या फोटोवर कोणी देत नाही. कर्ज तर अजिबात नको.

राणीची_आई
आम्ही केमो केलंच नाही. राणीला नुसतं प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइड दिलं. भूक वाढली, पाणी ढसाढसा प्यायची, रात्री दोनदा खाली न्यावं लागायचं. दीडेक महिना बरा गेला. लोक बोलले, बोलू देत.

फॉल_पिको_चिंचवड
भिशीला हात लावणार नाही, फी ती फी. डॉक्टरांना आज सरळ विचारलं. एकाच औषधाचा कोर्स, एकेका डोसचे पैसे त्या-त्या वेळी, चालेल म्हणाले. तीन आठवड्यांत एका डोसपुरतं शिवून होतं, लग्नसराई आहे. दुसऱ्या डोसनंतर गाठी उतरल्या नाहीत तर थांबायचं, हे आम्ही दोघांनी ठरवलंय. एक विचारायचं राहिलं. चाळीच्या अंगणात पोरं खेळतात, इंजेक्शननंतर त्याच्या लघवीचं काय?

ढोरडॉक्टर_सातारा
पहिले काही दिवस पोरांपासून लांब, एकाच कोपऱ्यात न्या आणि वर भरपूर पाणी ओता. घरात झाली तर हातमोजे घालून पुसा. गरोदर बाईला ते काम देऊ नका.